दोनपट, दीडपट आणि साठ काळे तुकडे

पंचवीस ऑक्टोबरच्या सूर्यग्रहणातून राजकुमारमामाला तीन गोष्टी मिळणार होत्या. पहिली, खामगावच्या एका तेलमिलच्या कॅलेंडरवर त्याने काढलेला फोटो आणि खाली त्याचं नाव. म्हणजे बारा महिने शेकडो दुकानांच्या भिंतींवर मामा. दुसरी, सतत टोमणे मारणाऱ्या चिखलीच्या स्टुडिओवाल्याचं तोंड बंद. तिसरी त्याने कुणाला सांगितली नव्हती, पण तेरा वर्षांच्या गार्गीने ती पहिल्या दिवशीच हेरली. अमडापूरच्या त्यांच्या फोटो स्टुडिओत काउंटरच्या वर एकच चौकट होती. आबांनी, म्हणजे मामाच्या वडिलांनी, १९९५च्या ग्रहणाचा काढलेला फोटो. मामाला तिच्या शेजारी दुसरा खिळा ठोकायचा होता.

बदल्यात काय द्यावं लागेल, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

गार्गी आणि तिचा धाकटा भाऊ शंतनु दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर बुलढाण्याहून आले होते. शनिवारी दुपारी दोघं स्टुडिओत पोचले, तेव्हा काउंटरवर मखमली कापडात दोन काळी जाड कडी मांडलेली होती. जाडजूड बांगडीएवढी, मधोमध काच. मामाची नऊ वर्षांची छकुली ती राखत बसली होती आणि शेजारचा गोकुळ त्यांना हात लावायची संधी शोधत होता.

"याले म्हंते टेलिकन्व्हर्टर," मामा म्हणाला. "कॅमेरा आन् लेन्सच्या मधात बसवाचं. लांबचं जवळ येते. हे दोनपट, हे एक पॉइंट चार, म्हंजे दीडपटच समजा. खामगावच्या सहदेवनं दोनी देल्ले. म्हने, पाह्यजे ते ठेव, दुसरं वापस कर."

"दोनी ठेवा ना काका," गोकुळ म्हणाला.

"सहदेव काय माहा सासरा हाय काय, दिवाळीले आंदन द्यायले?"

शंतनुने पेन्सिल काढली होतीच. तो सहावीत होता आणि जे मोजता येत नाही त्याच्यावर त्याचा विश्वास नसे. "लेन्सच्या आकड्याला एकशेदहानं भागायचं. तेवढे मिलिमीटर सूर्य येतो कॅमेऱ्यात. चंद्रसुद्धा तेवढाच. मामा, तुझी लेन्स तीनशेची. म्हणजे पावणेतीन."

"हरबऱ्याच्या दान्याएवढा बी नाई," गोकुळ म्हणाला.

"दीडपट लावलं तर जेमतेम चार. दोनपट लावलं तर साडेपाच."

"मंग झालं. दोनपट," मामा म्हणाला.

"पण मामा, दोनपट लावलं की उजेड चौथाईच उरतो," गार्गी म्हणाली. "दीडपटला निम्मा तरी राहतो. आणि उजेड इतका कमी झाला की तुझ्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चालत नाही. तूच सांगितलं होतंस."

"हातानं करीन फोकस. देवानं डोये कायले देल्ले?"

"मागच्या स्क्रीनवर बघून कर मग," शंतनु म्हणाला.

मामाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने देवळात चपला घातल्या होत्या. "स्क्रीन पाहून फोकस मोबाइलवाले करते. फोटोग्राफर या खिडकीले डोया लावते." आणि त्याने कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला उजवा डोळा लावून दाखवला.

कोपऱ्यात आबा कात्रीने काळी फिल्म कापत होते. आबांनी आयुष्यात काही फेकलं नव्हतं. रंगीत रोलच्या जमान्यात ज्या लग्नांचे रोल उजेड लागून नासले आणि लॅबमधून काळेठिक्कर धुऊन आले, तेही त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले होते. आता त्या नासलेल्या वराती दुहेरी करून पुठ्ठ्यात बसत होत्या. पुठ्ठ्यावर आबांच्या नावाचा शिक्का: शेषराव फोटो स्टुडिओ.

"साठ करून राह्यलो," आबा म्हणाले. "मंगळवारी टेकडीवर शाळेतल्या पोट्ट्यायले वाटीन. पंच्याण्णवले साऱ्या गावानं फिल्ममधूनच पाह्यलं. एकाच्या बी डोयाले काई झालं नाई."

"लेन्सच्या तोंडालाही हीच लावणार?" गार्गीने मामाला विचारलं.

"मंग काय तुह्या आईचा पदर लावू?"

सगळे हसले. गार्गीही हसली.

रविवारी संध्याकाळी मामा एकटाच गच्चीवर गेला. दोनपट लावून, लेन्सवर आबांची फिल्म चिकटवून, मावळत्या सूर्यावर रंगीत तालीम. खाली आला तो न बोलता जेवला आणि झोपला.

सोमवारी सकाळी त्याने दोनपटाचं कडं कापडात गुंडाळून डब्यात टाकलं.

"हे सहदेवले वापस जाईन. दीडपटच बरं."

"काल तर साडेपाच मिलिमीटर पाहिजे होतं," शंतनु म्हणाला.

"काल ते काल," मामा म्हणाला आणि आत गेला.

"काऊन बे?" गोकुळने कुजबुजत विचारलं. "माह्या बापानं ट्रॅक्टर बदलवला तवा बी तीन दिवस भांडन झालं व्हतं. हे त एका रातीत?"

संध्याकाळी लक्ष्मीपूजन झालं. सगळे पाटाभोवती बसले, मामाने कॅमेरा उचलला आणि गार्गीच्या लक्षात आलं. मामाने डावा डोळा लावला होता. नाक मागच्या स्क्रीनला चेपलं होतं, मान कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. वीस वर्षं उजव्या डोळ्याने लग्नं काढणारा माणूस डाव्या हाताने जेवावं तसा फोटो काढत होता. तीन फोटो काढले, तिन्हींत छकुलीचं डोकं कापलेलं.

"मामी, मामाच्या उजव्या डोळ्याला काय झालं?" गार्गीने काजलमामीला विचारलं.

"फटाक्याचा धूर गेला म्हने. चोळू नका म्हटलं त आयकते कुठं."

त्या दिवशी अमडापुरात वाजलेला पहिला फटाका गोकुळचा होता आणि तो पूजेनंतर वाजला होता.

मंगळवारी सकाळी चौघांनी मामाला स्टुडिओत गाठलं. छकुलीला गोकुळने बाहेर शटरपाशी पहाऱ्याला बसवलं. ते काम मोठं आहे असं तिला सांगितलं होतं.

"मामा, डावा डोळा झाक," गार्गी म्हणाली, "आणि सांग मी किती बोटं दाखवतेय."

"वेळ नाई मले."

"झाक ना. एवढंच."

मामाने डोळा झाकला. मग मान थोडी तिरपी केली, जसा एखादा माणूस खांबाआडून पाहतो, आणि म्हणाला, "तीन."

"सरळ बघून सांग."

"सरळ पाह्यलं त हातच दिसत नाई." त्याचा आवाज खाली आला होता. "मधात डाग हाय, रुपयाएवढा, तपकिरी. जिकडं पाहीन तिकडं पुढं येते. तुहे कान दिसते मले, गार्गी. तोंड नाई दिसत."



"दुखतंय का?" शंतनुने विचारलं.

"दुखलंच नाई ना. दुखलं असतं त डोया काढला नसता काय? दहा मिनिटं फोकस करत बसलो. खाली उतरलो तवा वाटलं, अंधारी आली." मामाने शटरकडे पाहिलं. "हे बाहेर नाई सांगाचं. तुळशीचं लगन झालं की सीझन सुरू होते. काण्या फोटोग्राफरले कोन बोलावते? आन् आता फिकीर नाई. चूक त्या दोनपटाची होती. दुप्पट मोठं करते, दुप्पट जाळते. आता दीडपट लावीन, डावा डोया लावीन, दोन मिनिटात काम."

गार्गीने डब्यातून दोनपटाचं कडं बाहेर काढलं. "मामा, दोनपट उजेड कमी करतं. चौथाई करतं. मग जाळलं कुणी?"

"म्हंजे?"

"त्याच्यामुळे तू दहा मिनिटं डोळा लावून बसलास, हे खरं. पण जे डोळ्यात गेलं ते लेन्सच्या तोंडावरच अडायला पाहिजे होतं. तिथे काय होतं?"

उत्तर कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या चळतीत रचून ठेवलेलं होतं. "साठ हायेत," गोकुळ म्हणाला.

"आबायले सांगू नका," मामा म्हणाला. "तो पंच्याण्णवचा फोटो काढून घेतला त त्याइच्यापाशी काय उरते?" आणि तो गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करून उठला. गिऱ्हाईक आलेलं नव्हतं.

गार्गीला पहिल्यांदाच मामाचा राग आला. त्याला कळलं होतं, आणि कळूनही तो उठून गेला होता.

"आपण उगाच आबांवर ढकलतोय का?" ती म्हणाली. "पंच्याण्णवला खरंच कुणाला काही झालं नव्हतं. फिल्मच ना तीही?"

"तपासू," शंतनु म्हणाला. "न दिसणारा प्रकाश पाहिजे. घरात तो कुठे असतो माहितीय? टीव्हीच्या रिमोटमध्ये."

गोकुळने घरून रिमोट आणि मामीचा मोबाइल आणला. त्याचा सेल्फी कॅमेरा चालू करून शंतनुने रिमोटचं टोक समोर धरलं आणि बटण दाबलं. नुसत्या डोळ्याला काही दिसत नव्हतं. फोनमध्ये मात्र जांभळा ठिपका लुकलुकला. मग मध्ये आबांची काळी फिल्म धरली, दुहेरी. तिच्यातून दुकानातली ट्यूबलाइटसुद्धा दिसत नव्हती.

जांभळा ठिपका तसाच लुकलुकत राहिला.

"अरे बाप," गोकुळ म्हणाला. "हे त झाकलंच नाई."

गावाने पंच्याण्णवला ज्या फिल्ममधून ग्रहण पाहिलं, तिची एक पट्टी गार्गीने चौकटीमागच्या पाकिटातून काढली. ती ब्लॅक अँड व्हाइट होती. तिचा काळाभोर तुकडा मध्ये धरला. ठिपका विझला.

फोनवर शोधायला पाच मिनिटं लागली. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये खरी चांदी असते, ती सगळंच बरंचसं अडवते. रंगीत फिल्ममध्ये धुतल्यावर चांदी उरत नाही, नुसता रंग उरतो. रंग दिसणारा उजेड अडवतो आणि न दिसणारी उष्णता आत सोडतो. समोर अंधार वाटतो, म्हणून डोळा निवांत उघडा राहतो. आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं कळत नाही.

आबा आले ते पिशवी घेऊनच. तिघांनी प्रयोग दोनदा करून दाखवला. आबांनी दोन्ही वेळा पाहिला.

"टीव्हीचा रिमोट घेऊन मले फोटोग्राफी शिकवून राह्यली काय व?"

"आबा, तेव्हाची फिल्म वेगळी होती."

"फिल्म म्हंजे फिल्म. चाळीस वर्सं या हातानं धुतली म्या." त्यांनी साठ पुठ्ठे पिशवीत भरले. "तुमच्या बुलढाण्यात शिकवा हे. टेकडीवर नका येऊ शहाणपना घेऊन."

ते गेले. ग्रहण लागायला अजून काही तास होते.

"काकाच्या डोयाचं सांगतलं असतं त मानलं असतं त्याइनं," गोकुळ म्हणाला.

"ते मामानं सांगायचं," गार्गी म्हणाली. "तो सांगेल असं धरून चालायचं नाही. पोरांच्या हातातून फिल्म काढायची कशी, ते बोला. हिसकावून मिळणार नाही."

"हिसकावलं त अजून घट्ट धरते," गोकुळ म्हणाला. "माही बकरी बी तशीच हाय."

"मग त्यांनीच आणून द्यावी असं काहीतरी पाहिजे," गार्गी म्हणाली. "याहून मोठं. शंतनु, एकशेदहा!"

शंतनुला कळायला क्षणभर लागला. मग तो हसला, त्या दिवसभरात एकदाच. "आरसा लेन्ससारखाच. भिंत जितकी लांब, त्याला एकशेदहानं भाग. तीस पावलांवर भाकरीएवढा सूर्य."

देवीच्या टेकडीवर देवळाचं दार ग्रहणासाठी बंद होतं. कडक वेध पाळणारी घरं खालीच थांबली होती, पण सुट्टीतली पोरं कोण घरात ठेवणार? झाडून सगळी आली होती. हेडमास्तर शंकररावही होते. आबा चौथऱ्यावर उभे राहून पुठ्ठे वाटत होते. प्रत्येकाला एक, आणि प्रत्येकाला पंच्याण्णवची गोष्ट. पलीकडे मामा तिपाईजवळ. दीडपट लावलेलं, लेन्स पश्चिमेकडे. लेन्सचं झाकण मात्र अजून काढलेलं नव्हतं.

उताराच्या बाजूला यात्रेकरूंची पत्र्याची शेड होती, पूर्वेला तोंड असलेली, आत अंधारी. गोकुळने तीस पावलं मोजली आणि मातीने भरलेल्या डब्यात घरच्या फुटक्या आरशाचा तुकडा रोवला. त्यावर कागद, कागदाला शर्टाच्या बटणाएवढं भोक. शंतनुने आरसा मावळतीच्या सूर्याकडे करून जरा जरा फिरवला. शेडच्या मागच्या भिंतीवर एक पांढरा गोल सरकत आला आणि थांबला. भाकरीएवढा.

पाचला दहा कमी असताना त्या भाकरीचा कोपरा कुणीतरी चावला.

"चला, चला," गोकुळ शेडच्या तोंडाशी तेलाचा रिकामा डबा घेऊन ओरडला. "गिऱ्हान भिंतीवर! तथी वाटाण्याएवढं दिसते, इथी भाकरीएवढं. फिल्म डब्यात टाका आन् आत या. फिल्म नाई त गिऱ्हान नाई."

"फुकट हाय काय?" एका पोराने विचारलं.

"फिल्म फुकटच भेटली ना तुले? मंग टाक."

पहिली तिघं आली. मग आतून त्यांचे आवाज बाहेर गेले आणि उरलेली धावली. पुठ्ठे डब्यात पडू लागले. गार्गी प्रत्येकाचं बोट धरून आत ढकलत होती आणि मोजत होती. एकोणीस. सव्वीस. एक मुलगी पुठ्ठा डोळ्याला लावतच येत होती. गार्गीने तिचं तोंड दोन्ही हातांनी शेडकडे फिरवलं. एकेचाळीस. चौपन्न.

चौथऱ्यासमोरची जागा रिकामी झाली होती.

"या पोट्ट्यायले भेव घातलं कोनी?" आबा गरजले. "माह्या फिल्मले नाव ठेवता? छकुले, इकडं ये. माही नात पाहीन पह्यली. पाहा रे समदे."

छकुली आबांची लाडकी. ती पळत गेली. आबांनी तिला चौथऱ्यावर उचललं, हातात पुठ्ठा दिला आणि तिचं तोंड सूर्याकडे केलं. गार्गी धावली, पण मध्ये तीस-चाळीस पावलं होती आणि शेडबाहेर आलेल्या पोरांची गर्दी होती.

तिपाई धाडकन पडल्याचा आवाज आला. मामाने चौथऱ्यावर उडी घेतली होती. त्याने छकुलीच्या हातातला पुठ्ठा झटक्यात ओढला आणि तिचं तोंड आपल्या छातीशी दाबलं.

"आबा, तिले सोडा."

"तू बी काय त्याइच्यात?"

"उजव्या डोयानं मले माह्या पोरीचं तोंड दिसत नाई," मामा म्हणाला. मोठ्याने नाही, पण टेकडीवर सगळे गप्प झाले होते, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं. "परवापासून. हेच लेन्सवर लावून पाह्यलं म्या. कान दिसते, केस दिसते. तोंडाच्या जागी डाग."

गर्दीत एक माणूस उभा होता. त्याच्या पोरीच्या लग्नाचे फोटो मामाकडे ठरलेले होते. त्याने मान खाली घातली. मामाने ते डाव्या डोळ्याने पाहिलं.

"काऊन सांगतलं नाई?" आबांनी विचारलं.

"सांगतलं असतं त फेकली असती काय तुमी फिल्म?"

आबा चौथऱ्यावरून उतरले, एका हाताने दगड चाचपत, आणि उरलेल्या पुठ्ठ्यांची पिशवी गोकुळच्या डब्यात उलटी केली. मग शेडकडे पाठ करून बसून राहिले. ग्रहण त्यांनी पाहिलं नाही. मामानेही पाहिलं नाही; तो छकुलीला मांडीवर घेऊन शेडमध्ये बसला होता आणि ती जे सांगेल ते ऐकत होता. "आता निम्म्याकडं चाल्लं, बाबा. आता पाहा, भिंतीवर वर सरकलं." सूर्य तसाच, एक घास तोडलेला, डोंगराआड उतरला.

शंकररावांनी तिथेच चौघांना पुढे बोलावलं. "या लेकरायनं आज माह्या शाळेची लाज राखली," ते म्हणाले, "आमी मोठ्यायनं राखाले पाह्यजे होती." प्रत्येकाला नारळ मिळाला, टाळ्या मिळाल्या. गोकुळने नारळ हलवून पाणी आहे का ते पाहिलं. गार्गीला टाळ्या ऐकू येत होत्या, पण तिचं लक्ष डब्यात होतं. सत्तावन्न. परत मोजले, परत सत्तावन्न.

सूर्य बुडाला होता, तरी उद्या कुणी त्या पुठ्ठ्यांतून पुन्हा सूर्याकडे बघेल अशी भीती होती. चौघं गावात उतरली. एक पुठ्ठा वाण्याच्या पोराच्या खिशात सापडला. दुसरा एका आजीने देव्हाऱ्यात ठेवला होता, ग्रहणाची वस्तू म्हणून. ती द्यायला तिने बरीच कुरकूर केली. तिसरं पोर ग्रहण लागायच्या आतच आईने टेकडीवरून ओढून नेऊन कोंडलं होतं, पुठ्ठा दप्तरात कोरा.

"वेध पाळले म्हणून वाचलं," शंतनु म्हणाला.

"कोंडलं म्हनून वाचलं," गोकुळ म्हणाला.

ग्रहणामुळे पाडवा आणि भाऊबीज त्या वर्षी एकाच दिवशी, बुधवारी आली. वासंतीने, गार्गीच्या आईने, भावाला पाटावर बसवलं. मामाने सवयीने डावा डोळा मिटला, बहिणीकडे सरळ पाहिलं, आणि मग पुन्हा उघडला.

गुरुवारी सगळे बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी दिवे घालवून बराच वेळ तपासलं. कडेचं थोडंफार सहा महिन्यांत सुधारेल, म्हणाले, पण मधला डाग जाईल याची आशा धरू नका. मग त्यांनी विचारलं की अशा फिल्ममधून आणखी किती जणांनी पाहिलं, आणि गार्गीने सांगितलं, कुणी नाही. डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. "मी गेले दोन दिवस वाट बघतोय," ते म्हणाले, "की तुमच्या बाजूनं पोरांनी भरलेली गाडी येईल. नाही आली. ती का नाही आली, ते आज कळलं. शाबास, पोरी."

बाहेरच्या बाकावर आबा बसले होते. त्यांनी आत यायला नकार दिला होता. गार्गी शेजारी बसली, तेव्हा त्यांनी फक्त एकच विचारलं.

"साठच्या साठ भेटले?"

"साठच्या साठ."

आबा मान हलवत राहिले. साठ पोरं म्हणजे एकशेवीस डोळे, सगळे शाबूत. गेला तो एकच, एकशेएकविसावा. आणि तो फिल्म कापणाऱ्याचा नव्हता.